उतारा किती पडला?

मागच्या अंकात या पानावर मी अमेरिकन फुटबॉलच्या एका ऑनलाइन खेळाबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, खरं सांगायचं तर जागा भरायला. पत्रं आली ती नेमकी त्या चार ओळींवर. सोयाबीनच्या भावावर एवढं लिहिलं, त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. आणि पत्रांतलं दुखणंही जवळपास एकच: आमची धाव चालत नाही. तेव्हा या वेळचं सगळं पान धावेला.

हा खेळ ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. धाव म्हणजे क्रिकेटची धाव नव्हे. चेंडू काखेत दाबून पळायचं, ती धाव. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे जायचं. गेलात तर आणखी चार प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांचा. एका प्रयत्नाला डाउन म्हणतात. चेंडू पुढे नेण्याचे दोन रस्ते: फेकायचा, नाही तर घेऊन पळायचं. आमच्या ऑनलाइन खेळात मात्र पडद्यावर कुणी पळत नाही. तुम्ही संघाचे मालकही आणि गुरुजीही. खेळाडू घ्यायचे, पगाराच्या मर्यादेत बसवायचे, कोणत्या वेळी कोणती चाल खेळायची याचा तक्ता भरायचा आणि झोपायचं. सामना संगणक खेळतो. तुमच्या हातात येते ती लेखी नोंद: 'दुसरा डाउन, सात यार्ड बाकी, धाव डावीकडून, दोन यार्ड.' आमचा सामना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रात्री नऊला लागतो, म्हणजे आपल्याकडे पहाटेनंतरचे साडेसहा. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की साडेसात.

मी मानवतच्या एका जिनिंगात हिशेब लिहिते. २०२० च्या टाळेबंदीत जिनिंग बंद होतं. भाच्याच्या पुण्यातल्या ऑफिसातली पोरं हा खेळ खेळायची, त्यांच्या ३२ संघांतला एक बेवारस पडला होता. "आत्या, तू नुसतं नाव दे" म्हणून त्याने तो माझ्या गळ्यात मारला. पहिल्या हंगामात १७ पैकी १४ सामने हरले. शाळा-कॉलेजात मी कबड्डीत डावा कोपरा खेळायचे, हरायची सवय नव्हती. तेव्हापासून वही घालून बसले ती आजतागायत.

प्रश्न : ताई, मी लातूरला 'नीट'ची परीक्षा रिपीट करतोय. लीगमधला सगळ्यात वेगवान रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) घेतला, सगळे पैसे त्याच्यात गेले. वेग ९६. आठ सामने झाले, दर धावेला सरासरी २.१ यार्ड. गेम फिक्स आहे का?

लेकरा, गेम फिक्स नाही. तुझ्या पत्रात त्या धावणाऱ्याचा वेग आहे, जोर आहे, वय आहे, पगारसुद्धा आहे. त्याच्यापुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांबद्दल एक अक्षर नाही. दुखणं तिथंच आहे.

मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही अंगांना गार्ड, गार्डांच्या बाहेर टॅकल. सेंटर चेंडू मागे देतो तेवढाच. बाकी चौघांचा चेंडूला हातही लागत नाही. त्यांची नावं कुणी घेत नाही, पण धाव त्यांचीच असते. शंकरपट पाहिलायस ना? पटावर बैल वाऱ्यासारखा जातो, कारण पट आधी साफ केलेला असतो, दगडधोंडे वेचलेले असतात. तोच बैल पाऊस पडलेल्या काळ्या रानात सोड. खूर उचलायची मारामार. तू सगळे पैसे बैलावर घातलेस आणि पट साफ करायला माणूस लावायला दमडी उरली नाही.

नोंदी वाचून वाचून मला या खेळाचा हिशेब कळला तो असा. संगणक आधी पुढच्या पाच जणांची समोरच्यांशी झोंबी लावतो. याचा जोर किती, त्याचा किती, कुणाला अडवायची कला आहे. त्यातून फट पडते किंवा पडत नाही. मग धावणाऱ्याला ती फट दिसली का, ते बघतो. त्याला 'दृष्टी' असा वेगळा आकडा आहे, आणि तो तुझ्या गड्याचा ५१ आहे, तूच लिहिलायस. फटीतून पार झाला, तर मग कुठे वेगाचा आकडा कामाला येतो. तुझ्या ९६ ची पाळीच येत नाही रे. तो रेषेवरच आडवा होतोय.

खऱ्या मैदानावरचं उदाहरण देते. डेन्व्हरच्या संघाने १९९५ मध्ये टेरेल डेव्हिस नावाचा धावपटू नव्या खेळाडूंच्या निवडीत सहाव्या फेरीत घेतला, १९६ वा. म्हणजे १९५ जण उचलून झाल्यावर. १९९८ मध्ये तो एका हंगामात २००८ यार्ड धावला. पुढच्याच वर्षी त्याचा गुडघा गेला. त्याच्या जागी ओलँडिस गॅरी नावाचा नवखा उभा केला, तो ११५९ यार्ड धावला. २००० मध्ये तिसराच आला, माइक अँडरसन, हाही सहाव्या फेरीतला: १४८७ यार्ड. बैल बदलत गेले, पट साफ करणारे आणि साफ करायची रीत तीच राहिली. डेन्व्हरचे पुढचे पाच काही डोंगराएवढे नव्हते. उलट हलके होते, पण सगळे एकाच दिशेने एकाच वेळी सरकायचे, आणि धावणारा एक वळण घेऊन जिथं फट दिसेल तिथं घुसायचा.

यात तुला एक धडा आहे. पाच जण घेताना एकाच जातीचे घे. सगळे मिळून सरकायचं असेल तर चपळाईचा आकडा बघ. समोरच्याला उखडून फेकायचं असेल तर जोर बघ. दोन जोरदार, दोन चपळ, एक भाच्याने सुचवला म्हणून, अशी माझी पहिली लाइन होती. चौदा हार त्याच लाइनच्या.

तुझा गडी हंगाम संपायच्या आत विक. ९६ वेग बघून भुलणारा दुसरा कुणीतरी असतोच. आलेल्या पैशांत आधी सेंटर आणि दोन गार्ड, कारण आतल्या धावा त्यांच्याच अंगावरून जातात. मग उजवा टॅकल. डावा टॅकल सगळ्यात महाग मिळतो, पण तो मुख्यतः फेकणाऱ्याची पाठ राखायला; घाई नको. आणि धावणारा स्वस्तातला घे, दृष्टी ७५ च्या पुढची, चेंडू न सोडणारा.

तू म्हणशील, बॅरी सँडर्सचं काय? डेट्रॉइटसाठी दहा हंगाम, १५,२६९ यार्ड, दर धावेला जवळपास पाच. तो पुढे फट नसतानाही आपली वाट काढायचा. खरंय. पण तसा माणूस कधीतरी एक जन्माला येतो, आणि तुझ्या गड्याची दृष्टी ५१ आहे.

तक्ता रविवारी एकदाच भर. बाकी सहा दिवस जीवशास्त्र.

प्रश्न : माझ्या संघाची धाव सरासरी ४.६ यार्ड आहे, लीगमध्ये वरून चौथी. तरी ९ पैकी ६ सामने हरलो. फेकणारा बदलू का? मागच्या सामन्याच्या धावा सोबत पाठवतो. — एक शेतकरी, अंबड

भाऊ, तुम्ही अंबडचे आणि शेतकरी, म्हणजे सरासरी काय चीज आहे हे मी तुम्हाला सांगायला नको. आपल्या मराठवाड्याचा पावसाळी पाऊस सरासरी पावणेसातशे मिलिमीटरच्या आसपास. जुलैत तीन आठवडे ढग नुसते वाकुल्या दाखवत जातात, सोयाबीन माना टाकतं, आणि सप्टेंबरात दोन रात्रींत असा कोसळतो की उभं पीक पाण्यात. कागदावर सरासरी पूर्ण. घरात काय आलं?

तुम्ही पाठवलेल्या दहा धावा या: २, १, ०, ३, २, १, उणे १, २, ३ आणि ३३. बेरीज ४६, सरासरी ४.६. ती तेहेतीसची काढून ठेवा. उरलेल्या नऊ धावांचे मिळून १३ यार्ड. दीडसुद्धा नाही. तुमच्या संघाचा पाऊस एका रात्रीत पडतोय.

आता माझ्या वहीतल्या एका सामन्याच्या दहा: ४, ५, ३, ४, ६, ४, ३, ५, ४, ४. बेरीज ४२. सरासरी ४.२, तुमच्यापेक्षा कमी. एकही धाव डोळ्यांत भरणारी नाही. तो सामना मी जिंकले.

असं का होतं ते बघा. तुमचा पहिला डाउन दोन यार्ड, दुसरा एक. तिसऱ्याला सात बाकी. कबड्डीत दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरी करो या मरो असते. समोरच्या सातही जणांना ठाऊक असतं की हा आता आत येणारच. आम्ही कोपऱ्यातले तेव्हा हसत उभे राहायचो. तुमच्या तिसऱ्या डाउनलाही तेच होतं. सात बाकी म्हणजे हा फेकणार, हे समोरच्या संगणकालासुद्धा कळतं. तो चारी बाजूंनी फेकणाऱ्यावर तुटून पडतो आणि तुम्ही मला विचारता, फेकणारा बदलू का. बिचाऱ्याची काय चूक? त्याला रोज कोरड्या विहिरीत पोहरा टाकायला लावताय.

जिनिंगात कापसाचा उतारा काढतात. शंभर किलो कापसातून रुई किती निघाली, तेहेतीस की पस्तीस. महिन्याची सरासरी काढून मालक खूश होतो, पण कोणती गाडी ओली होती, कोणत्या गाडीत किडक्या कापसाची कवडी होती, ते गाडीगणिक उतारा लिहिल्याशिवाय सापडत नाही. धावेचंही मी गाडीगणिकच लिहिते. माझा नियम सांगते, पाहिजे तर तुमचा वेगळा करा. पहिल्या डाउनला चार यार्ड मिळाले तर धाव काळ्या शाईत. दुसऱ्याला, जेवढे बाकी होते त्याच्या निम्म्याहून जास्त मिळाले तर काळ्या. तिसऱ्या-चौथ्याला जेवढे बाकी तेवढे पुरे मिळाले तरच काळ्या. मग ती धाव एक यार्डाची का असेना. बाकी सगळं लाल. पानभर निम्मं काळं दिसलं की माझी तक्रार नसते.

तुमच्या दहाही धावा पहिल्या डाउनच्या धरल्या तर काळी एकच, ती तेहेतीसची. माझ्या दहात आठ.

पुढचं काम तुमचं. लाल धावांपुढे बाजू लिहा: डावी, उजवी, मध्य. माझा अंदाज असा की बहुतेक लाल एकाच बाजूला सापडतील, आणि तिथं एक गार्ड असेल ज्याला बदलायचं तुम्ही दोन हंगाम टाळताय.

प्रश्न : तक्त्यात 'बॉक्समध्ये समोरचे किती' असा रकाना आहे. तो काय भानगड आहे? मी रिकामाच ठेवतो. — कृषी सेवा केंद्रचालक, जिंतूर

हाच रकाना रिकामा ठेवता? म्हणजे खताच्या पोत्यावरचं एनपीके न बघता खत टाकल्यासारखं झालं. गिऱ्हाइकाला तुम्ही असं करू द्याल का?

बॉक्स म्हणजे खरी पेटी नव्हे. चेंडूच्या समोर, तुमच्या एका टॅकलपासून दुसऱ्या टॅकलपर्यंतच्या रुंदीत, जरा इकडेतिकडे, आणि पाचेक यार्ड खोलीत जी जागा, ती बॉक्स. समोरचे अकरा. त्यांतले किती जण त्या जागेत उभे आहेत, एवढंच मोजायचं.

आता आपल्या बाजूचं मोजा. पाच जण लाइनचे, सहावा टाइट एन्ड, लाइनच्या टोकाला उभा राहणारा. क्वार्टरबॅक, म्हणजे फेकणारा, चेंडू धावणाऱ्याच्या हातात देऊन मोकळा होतो, तो कुणाला अडवत नाही. म्हणजे अडवणारे सहा. समोर बॉक्समध्ये सहा असतील तर माणसाला माणूस लागला, धावणारा मोकळा. सात असतील तर एक शिल्लक राहतो आणि धावणाऱ्याला त्याला चकवावं लागतं. चांगल्या धावणाऱ्याचा पगार इथं वसूल होतो. आठ असतील तर धावूच नका, डोक्यावरून फेका. मागे राखायला तीनच उरलेत.

कबड्डीत आमचा कर्णधार चढाईला जाण्याआधी समोरचे मोजून मोठ्यानं आकडा सांगायचा. आपल्याला दिसत असतंच, पण ऐकलं की पाय वेगळे पडतात.

गंमत पुढे आहे. मला ही उमगायला दोन हंगाम लागले. धावायचं म्हटलं की माणूस दांडगे गडी आत आणतो: दोन टाइट एन्ड, मागे धावणाऱ्याला वाट करून देणारा फुलबॅक. आपण दांडगे आणले की समोरचाही दांडगे आणतो, आणि बॉक्समध्ये आठ जण कोंबतो. उलट तीन रिसीव्हर, म्हणजे फेकलेला चेंडू झेलणारे, मैदानभर पसरून उभे करा. समोरच्याला त्यांच्यामागे धावायला चपळ पोरं आणावी लागतात, पाच. त्या पाचांतला बराचसा भार बाहेर जातो आणि आत राहतात सहा. आता धावा. सरकी हवी असेल तर आधी रुई बाजूला काढावी लागते, तसंच आहे हे. धाव चालवायची तर फेकायचा धाक राखावा लागतो.

आणखी एक. एकच चाल सामन्यात वीस वेळा लावली की आपल्या खेळातला समोरचा ती ओळखायला शिकतो. नोंदीत 'बचावाने चाल ओळखली' असं येऊ लागतं. तेव्हा रचना तीच ठेवा, चाल बदला. त्याच उभ्या राहण्यातून एकदा आतली धाव, एकदा बाहेरची, एकदा सगळे डावीकडे सरकत असताना गार्ड मागून उजवीकडे पळतो आणि धावणारा त्याच्या मागे, त्याला काउंटर म्हणतात. आणि एकदा चेंडू दिल्यासारखं करून फेकायचा. रकान्यात मी असं भरते: सहा किंवा कमी असतील तर दहापैकी सात वेळा धाव, सातला चार, आठला एक. तो एकही फक्त समोरच्याला झोप लागू नये म्हणून.

प्रश्न : फुलबॅक ठेवावा का? — पूर्णा

स्वस्त असेल तर ठेवा. एक यार्ड बाकी असतानाच त्याची गरज, म्हणजे सामन्यात चार-पाच वेळा. तेवढ्यासाठी तगड्या पगाराचा माणूस पोसू नका. राखीव गार्डला तिथं उभं करता येतं का, ते तुमच्या खेळाच्या नियमांत बघा. आमच्यात येतं.

प्रश्न : माझा मुलगा सकाळी साडेसहाला उठून मोबाइल घेऊन बसतो, हरला की नाश्ता करत नाही. हा सट्टा तर नाही ना? — एक आई, गंगाखेड

ताई, आमच्या लीगमध्ये एक रुपयाही लागत नाही. कुठल्याही खेळाने निकालावर पैसे लावायला सांगितलं तर मात्र तो खेळ त्याच दिवशी मोबाइलवरून काढा, पोरगा कितीही चिडला तरी.

बाकी, साडेसहाला आपणहून उठतोय ना? दूध आणायला पाठवा. येईपर्यंत सामना संपलेला असतो. मीही हरले की चहा दोनदा घेते, त्याचं वाईट वाटून घेऊ नका.

प्रश्न : ताई, एक यार्ड बाकी असताना धाव की पास? सुपर बोलमध्ये सिअॅटलनं केलेला मूर्खपणा सगळ्यांना माहीत आहे. तुमचं मत? — एक शिक्षक, वसमत

गुरुजी, तो मूर्खपणा होता असं मला वाटत नाही, आणि या वाक्यावर मी भाच्याशी दोनदा भांडले आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: १ फेब्रुवारी २०१५, एकोणपन्नासावा सुपर बोल, म्हणजे या खेळाचा वर्षाचा अंतिम सामना. सिअॅटल चार गुणांनी मागे. दुसरा डाउन, गोलरेषेला एक यार्ड बाकी, २६ सेकंद. मागे मार्शॉन लिंच उभा, आदल्याच डाउनला चार यार्ड काढलेला. सगळ्या जगाला वाटलं, त्यालाच देणार. फेकला. न्यू इंग्लंडच्या माल्कम बटलरनं मध्येच झेलला. २८–२४, सामना गेला.

आता वहीत मांडून बघा. हातात तीन प्रयत्न, २६ सेकंद आणि एकच टाइमआउट. धावलात आणि अडवलं गेलात तर घड्याळ चालूच राहतं. ते थांबवायला तो एकमेव टाइमआउट जातो. तीनही धावा बसवणं अवघड, एखादा प्रयत्न फेकण्याचा ठेवावाच लागणार होता, कारण चेंडू खाली पडला की घड्याळ आपोआप थांबतं. शिवाय न्यू इंग्लंडनं आत दांडगे कोंबले होते आणि सिअॅटलचे तीन रिसीव्हर मैदानात होते. वर जिंतूरच्या भाऊंना जे सांगितलं त्याच हिशेबानं फेकणं वावगं नव्हतं. मी असते तर आधी धावले असते, अडले असते तर टाइमआउट घेतला असता आणि मग फेकला असता. पण गर्दीच्या मधोमध नव्हे, कोपऱ्यात, जिथं आपला नाही तर कुणाचाच नाही. म्हणजे माझं भांडण फेकण्याशी नाही, कुठं फेकला त्याच्याशी आहे.

एरवी, घड्याळाची कटकट नसताना, एक यार्ड बाकी तर धावाच. आणि आतून. घड्याळाच्या कटकटीतही हे चाललेलं आहे: ३१ डिसेंबर १९६७ ला ग्रीन बेमध्ये पाणी गोठवणाऱ्या थंडीत डॅलसविरुद्ध १६ सेकंद उरले असताना ग्रीन बेचा क्वार्टरबॅक बार्ट स्टार यानं चेंडू कुणाला दिलाच नाही. जेरी क्रेमर नावाच्या गार्डच्या मागून स्वतःच आत घुसला. २१–१७. ग्रीन बेचे गुरुजी, म्हणजे प्रशिक्षक, विन्स लोम्बार्डी. सुपर बोलचा करंडक आज त्यांच्याच नावाचा आहे. क्वार्टरबॅक स्वतः घुसतो तेव्हा चेंडू हातातून हातात जाण्याचा वेळ वाचतो, समोरच्याला ओळखायला अर्ध्या पापणीइतकीसुद्धा सवड मिळत नाही.

मी हे सगळं शहाणपण चुकून शिकले. गेल्या हंगामात २०–२४ असे मागे होतो, चौथा डाउन, एक यार्ड. मी 'एक ते तीन यार्ड बाकी' या रकान्यात बाहेरची धाव भरून ठेवली होती, कारण मैदानाच्या मध्यात ती छान चालत होती. गोलजवळ मात्र समोरच्यांना पाठीमागे राखायला जागाच नसते. सगळे अकरा पुढे येऊन दाटीनं उभे. बाहेरच्या धावेत चेंडू आधी पाच यार्ड मागे जातो आणि मग आडवा पळतो. सकाळी साडेसहाला, एका हातात चहाचा कप, मी वाचलं: 'धाव उजवीकडून, उणे पाच.' गोलजवळचा वेगळा रकाना असतो, तो मी कोरा सोडला होता. त्या दिवशी जिनिंगात एका गाडीचं वजन दोनदा लिहिलं.

प्रश्न : शेवटच्या पाच मिनिटांत पुढे असतो आणि तरी हरतो. तिसऱ्यांदा झालं. — बँक कर्मचारी, अंबाजोगाई

तुमचा तक्ता मी पाहिला. पुढे असतानाही तुम्ही शेवटच्या पाच मिनिटांत निम्मे वेळा फेकताय. बँकेत संध्याकाळी शटर अर्धं ओढल्यावर कुणी नवी खाती उघडत बसतं का?

पुढे असताना धाव यार्डांसाठी नसते, घड्याळासाठी असते. धाव मैदानाच्या आत संपली की घड्याळ चालू राहतं आणि पुढची चाल सुरू करायला तुम्हाला ४० सेकंद मिळतात. चालीची पाचेक सेकंदं धरा: एका धावेत पाऊण मिनिट. तीन धावा, सव्वादोन मिनिटं, एकही यार्ड मिळाला नाही तरी. फेकलेला चेंडू जमिनीवर पडला तर घड्याळ थांबलं. तुम्ही समोरच्याला पाऊण मिनिट फुकट दिलं.

समोरच्याकडे टाइमआउट असतील तर तो दर धावेनंतर घड्याळ थांबवणार. थांबवू द्या. तीन धावांत त्याचे तीन टाइमआउट खर्च झाले की नंतर त्याच्या हाती चेंडू आला तरी त्याला घड्याळ थांबवायचं साधन उरत नाही. तेही उत्पन्नच आहे, जमेच्या बाजूला लिहा.

या वेळेत बाहेरच्या धावा बंद. शेवटच्या पाच मिनिटांत धावणारा रेषेबाहेर गेला की घड्याळ थांबतं. आतून धावा, दोन यार्ड मिळोत, एक मिळो. माझ्या लाल-काळ्या शाईचा नियम इथं लागू नाही. आणि धावणारा तो उभा करा ज्याच्या हातून चेंडू सुटत नाही. वेगवान पोराला बाकावर बसवा. समोरचे या वेळी पकडायला कमी आणि चेंडू हिसकायला जास्त येतात.

दोन मिनिटांहून कमी उरलेत, पहिला डाउन तुमचा आहे आणि समोरच्याकडे टाइमआउट उरला नाही, तर धावायचीही गरज नाही. क्वार्टरबॅकनं चेंडू घेऊन गुडघा टेकायचा. तीनदा टेकला की संपलं. त्यासाठी तक्त्यात 'आघाडीवर असताना शेवटची दोन मिनिटं' असा रकाना आहे. तो पान पूर्ण खाली सरकवल्याशिवाय दिसत नाही. मला तो तिसऱ्या हंगामात दिसला.